शर्यत मोजपट्टीची

गल्लीतल्या खेळात सगळ्यात धाकट्या पोराला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, त्याच्यावर राज्य आणायचे नाही आणि खेळ संपल्यावर त्याला मोजायचेही नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या हँडिकॅप मोटार शर्यतींविषयी बोलताना जाणकार म्हणवणारेही याच सुरात बोलतात. सात लिटरची मर्सिडीज आणि पाऊण लिटरची ऑस्टिन एकाच रस्त्यावर सोडायची, ऑस्टिनला चार-पाच फेऱ्या आधीच बहाल करायच्या आणि ती पुढे आली की टाळ्या वाजवायच्या. ही कसली शर्यत, हे तर झुकते माप! त्यातून गाड्याही रोजच्या विक्रीतल्या, मडगार्ड आणि दिव्यांसकट. म्हणजे ग्रां प्रीची तहान ताकावर भागवलेली.

हे मत उथळ आहे. हँडिकॅप ही दया नाही, तो एक दावा आहे. शर्यतीआधी कुणीतरी कागदावर लिहून देतो की अमुक आकाराच्या इंजिनाकडून अमुक इतकाच वेग निघेल, आणि मग पाच-सहा तास रस्त्यावर त्या लिखिताची तपासणी होते. हा अंदाज जो सगळ्यात जास्त खोटा पाडतो, तो जिंकतो. तेव्हा अशा शर्यतीत गाड्यांबरोबर मोजपट्टीही उतरलेली असते. ती हरते, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. छोट्यांची बाजू घेते म्हणून ती हरत नाही. गाड्या तिच्याच मापाने घडवल्या जाऊ लागतात, म्हणून हरते.

पुराव्यासाठी एकच शर्यत पुरे आहे: उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌स रस्त्यावरची टुरिस्ट ट्रॉफी, १९२८ ते १९३६.

रस्ता आणि हिशेब

इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ता बंद करून शर्यत घेणे कायद्यात बसत नव्हते, आणि ताशी २० मैलांची १९०३ची वेगमर्यादा कागदोपत्री १९३० पर्यंत टिकून होती. उत्तर आयर्लंडने मात्र १९२२ मध्येच रस्त्यावरच्या शर्यतींसाठी कायदा केला होता. पुढे ट्रॅक्टरमुळे जगाला माहीत झालेल्या हॅरी फर्ग्युसनने खटपट केली आणि बेलफास्टजवळ डंडोनाल्ड, न्यूटाउनार्ड्‌स आणि कॉम्बर ही गावे जोडणारी १३⅔ मैलांची फेरी ठरली. शेतांच्या कडेने जाणारा, गावच्या चौकातून वळणारा हा रस्ता होता. कॉम्बरमधल्या एका अवघड वळणाला तिथल्या खाटकाच्या दुकानाचेच नाव पडले होते. गाडी घसरली तर थेट दुकानात.

नियम विक्रीतल्या गाड्यांचा होता. गाडी कंपनीच्या यादीत हवी, तिला मडगार्ड हवेत, दिवे हवेत. पहिल्या वर्षी तर सुरुवातीच्या फेऱ्या हूड चढवून मारायच्या होत्या, म्हणजे ग्राहकाच्या गळ्यात मारलेले हूड वाऱ्यात टिकते का तेही कळावे. चालकाशेजारी मेकॅनिक बसे. १९२९ मध्ये बर्किन चालवत असलेल्या बेंटलेत त्या जागेवर गाडीचा कर्ता खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटले बसला होता.

हिशेब कसा चाले ते समजण्यापुरते माझे आकडे घेऊ. मोठ्या गाडीने ३० फेऱ्या ताशी ८० मैलांच्या सरासरीने काढाव्यात अशी अपेक्षा आहे. तिला फेरीला सव्वादहा मिनिटे लागतील, एकूण सुमारे ३०७. छोटीकडून अपेक्षा ६५ची. तिला फेरीला साडेबारा मिनिटांहून थोडे जास्त, एकूण सुमारे ३७८. फरक ७१ मिनिटांचा, म्हणजे छोटीच्या साडेपाच फेऱ्यांहून किंचित जास्त. मग पाच फेऱ्या तिच्या खात्यावर आधीच जमा धरायच्या आणि उरलेली आठ मिनिटे सुटण्याच्या वेळेतून द्यायची: छोटी सुटते आणि मोठी आठ मिनिटे इंजिन गुरगुरवत उभी राहते. आता छोटीने ६५ऐवजी ६६ची सरासरी टाकली, तर उरलेल्या २५ फेऱ्यांत तिला पावणेपाच मिनिटांचा फायदा होतो. ताशी एका मैलाचा अंदाज चुकला की एवढी उलथापालथ. हे डोळ्यांपुढे ठेवून पुढचे वाचावे.

पायरी पहिली: माप झुकले कुणाकडे?

झुकते माप हा आरोप खरा असेल तर ते सतत एकाच बाजूला झुकलेले दिसायला हवे. नऊ वर्षांचे विजेते बघा. १९२८ला दीड लिटरची ली-फ्रान्सिस, चालक के डॉन. १९२९ला रुडॉल्फ काराचोलाची सात लिटरची मर्सिडीज, म्हणजे ज्या गाडीला एक सेकंदही मिळालेला नव्हता ती. १९३०ला नुव्होलारीची १७५० सीसीची अल्फा रोमिओ, आणि तिच्या मागे आणखी दोन अल्फा. १९३१ला नॉर्मन ब्लॅकची ७४६ सीसीची एमजी. १९३२ला ११०० वर्गातली रायली, १९३३ला त्याच आकाराची एमजी, १९३४ला १२७१ सीसीची एमजी, आणि शेवटची दोन वर्षे दीड लिटरची रायली.

दोन वर्षांच्या अंतराने जिंकलेल्या गाड्यांच्या इंजिनांत नऊपटींहून जास्त फरक आहे. १९२९च्या एकाच निकालात पहिली सात लिटरची मर्सिडीज आणि तिसरी आर्ची फ्रेझर-नॅशची ऑस्टिन सेव्हन. पहिल्या आणि दुसऱ्या गाडीतले अंतरही बघण्यासारखे राही: १९२८ मध्ये जवळजवळ सहा तासांनंतर के डॉन आणि अल्व्हिस चालवणारा कुशमन यांच्यात १३ सेकंद उरले. १९३४ मध्ये चार्ली डॉडसनची एमजी आणि एडी हॉलची ३६६९ सीसीची बेंटले यांच्यात १७. एवढ्या तासांत १७ सेकंदांचा फरक म्हणजे ताशी मैलाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. कुठल्याही शास्त्रीय उपकरणाशिवाय, इंजिनाच्या आकारावरून बांधलेला तर्क इतका जवळ येतो, याला मी तरी झुकते माप म्हणणार नाही.

शेवटची पाच वर्षे ११०० ते १५०० सीसीच्या पट्ट्यातच गेली, हे खरे. ते माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही, उलट तिसऱ्या पायरीवर माझ्याच कामाला येते.

पायरी दुसरी: गाडी वजा केल्यावर उरते काय?

एकाच रेषेवरून सोडलेल्या शर्यतीत निकालाचा मोठा भाग कारखान्यात आधीच लागलेला असतो. हँडिकॅप हा भाग निकालातून वजा करायचा प्रयत्न करतो. वजाबाकी अचूक नसते. तरी उरते ते मोलाचे असते.

१९२९च्या शर्यतीत पाऊस आला. ओल्या, अरुंद, शेताडीच्या रस्त्यावर जड आणि दांडगी मर्सिडीज म्हणजे अडचणच. मोजपट्टीने तिच्याकडून जे मागितले होते ते कोरड्या रस्त्यावरचे होते. काराचोलाने ते पावसात दिले, आणि वर शिल्लकही ठेवली. त्या दिवशी जिंकलेल्या गोष्टीला मर्सिडीज म्हणायचे की काराचोला? एका रेषेवरच्या शर्यतीत हा प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे सात लिटरवाल्याने पाऊण लिटरवाल्याला मागे टाकले यात विचारण्यासारखे काही नसते.

१९३३ मध्ये नुव्होलारी आला तो एमजीची के-थ्री मॅग्नेट घेऊन. याआधी त्याने एमजी कधी शर्यतीत चालवली नव्हती. तरीही तो ताशी ७८.६५ मैलांच्या सरासरीने आला आणि ह्यू हॅमिल्टनच्या त्याहून लहान, ७४६ सीसीच्या एमजीला त्याने ४० सेकंदांनी मागे टाकले. हॅमिल्टनचा वेळ पिटमध्ये गेला नसता तर कदाचित निकाल उलटा लागला असता. म्हणजे वजाबाकीनंतर जे उरते त्यात चालकाचा हात आहे तसा चाके बदलणाऱ्यांचाही आहे. पण त्या काळचे दोन सर्वांत मोठे चालक इथे येऊन, दोन अगदी वेगळ्या गाड्यांत, छोट्यांना सवलत देणाऱ्या म्हणवल्या गेलेल्या शर्यतीत जिंकले, हा योगायोग मला वाटत नाही.

पायरी तिसरी: मोजपट्टी गाडी घडवू लागते

इथपर्यंत मी मोजपट्टीची वकिली केली. आता तिच्यावरचा आरोप, आणि तो जड आहे.

ब्रिटनमध्ये गाड्यांना आणखी एक मोजपट्टी लागू होती, आणि ती शर्यतीपुरती नव्हती. १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ती इंजिनातून निघणारी नव्हे, सूत्रातून निघणारी होती: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. ऑस्टिन सेव्हनचा व्यास ५६ मिलिमीटर, म्हणजे २.२ इंच. वर्ग ४.८६, चारने गुणून अडीचने भागले की ७.८. गाडीच्या नावातला ‘सात’ या हिशेबाच्या आसपासचा आहे. सूत्रात दट्ट्याच्या फेरीची लांबी कुठेच नाही. मग काय होणार? इंजिने अरुंद आणि उंच होत गेली. सरकारला कर मोजायचा होता. त्याच्या नादात त्याने एका देशाच्या इंजिनांची अंगकाठी ठरवून टाकली.

आता या अंगकाठीची एमजी मिडजेट घ्या. साध्या मॉरिस मायनरवरून बेतलेली एम टाइप ५७ मिलिमीटर व्यासाची, ८३ मिलिमीटर फेरीची, ८४७ सीसीची होती. कराला ती चालून गेली. शर्यतीची मोजपट्टी मात्र सीसी मोजत होती आणि सगळ्यात छोट्या वर्गाची हद्द ७५० होती. मग त्याच इंजिनाची फेरी ८३वरून ७३ वर आणली, ७४६ सीसी झाले, आणि सी टाइप जन्माला आली. एका मोजपट्टीने इंजिन ताणून उंच केले, दुसरीने ते वरून कापले. बाजारात कुणी ग्राहक दहा मिलिमीटर कमी फेरी मागायला गेला नव्हता. १९३१ मध्ये याच गाडीने इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्‌स ट्रॅकवरची डबल ट्वेल्व्ह शर्यत, डब्लिनच्या फीनिक्स पार्कमधली आयरिश ग्रां प्री आणि आर्ड्‌स अशी तिन्ही मैदाने मारली.

सी टाइप बनल्या एकूण ४४. के-थ्री ३३. १९३३ मध्ये हॅमिल्टनने चालवली ती जे-फोर फक्त नऊ. विक्रीतली गाडी म्हणून नियमात सगळ्या बसत होत्या. यादीत नाव, किंमत, सारे काही होते. नऊ गाड्यांना ‘स्टँडर्ड प्रॉडक्शन’ म्हणताना त्या यादीलाही लाज वाटली असेल. १९३४ मध्ये अधिकाऱ्यांनी सुपरचार्जरवर बंदी घातली, म्हणजे शर्यत पुन्हा साध्या गाड्यांकडे येईल. एमजीने काय केले? सुपरचार्जरविना एनई मॅग्नेट बनवली. किती? सात. आणि त्यांतलीच एक जिंकली.

शेवटच्या पाच वर्षांचे विजेते मधल्या पट्ट्यात का अडकले, याचे माझे उत्तर इथे आहे. छोट्यांवर दया झाली म्हणून नव्हे. ब्रिटिश कारखान्यांची बुद्धी करामुळे आधीच या आकाराच्या इंजिनांवर खर्च होत होती. मोजपट्टी सीसी मोजत राहिली आणि दर सीसीमागे निघणारी ताकद तिच्या हातातून निसटत गेली. तिचा अंदाज जुन्या इंजिनांवर बांधलेला होता आणि समोर नवी येत होती.

हे वाचताना आपल्याकडच्या गाड्या आठवाव्यात. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. दोनच वर्षांत टाटांची इंडिगो सीएस आली: सेदान खरी, पण डिकी मागून सुरीने कापल्यासारखी. रस्त्यावर अशा आखूड शेपटीच्या गाड्यांचे पीकच आले. चार मीटर हा आकडा कुठल्याही कुटुंबाने मागितला नव्हता.

आक्षेप

*बघणाऱ्याला कळत नाही कोण पुढे आहे.* हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. खाटकाच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला गाड्या दिसत, शर्यत दिसत नसे. ती फळ्यावरच्या आकड्यांत चालू असे. तरी दर ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे लाखोंनी लोक लोटत. क्रिकेटमध्ये पाऊस आल्यावर डकवर्थ-लुईसचा आकडा लावून सामना बघायला आपण शिकलोच ना? फळा वाचायचा कंटाळा हा शर्यतीचा दोष म्हणून खपवू नये. ल मान्सची गोष्ट मात्र माझ्याविरुद्ध जाते. १९२३ मध्ये तिथली २४ तासांची शर्यत सुरू झाली तेव्हा तिचा करंडक प्रत्येक वर्गाला नेमून दिलेल्या अंतरावर आणि अनेक वर्षांच्या निकालावर ठरायचा होता. सर्वांत लांब गेलेल्या गाडीला अधिकृतपणे विजेती म्हणायचेच नव्हते. लोकांनी ते ऐकले नाही. सर्वांत लांब गेलेली शेनार-वॉल्केर त्यांनी त्याच दिवशी विजेती ठरवली.

*हँडिकॅपमुळे लोक हातचे राखून चालवतात.* हे ब्रुकलँड्‌सच्या छोट्या शर्यतींबाबत खरे आहे. तिथे एबलव्हाइट नावाचे, वाद्यांच्या व्यापारातले गृहस्थ हँडिकॅप ठरवत, आणि गाडी व चालक यांची मागची कामगिरी बघून ठरवत. जिंकलात की पुढच्या वेळी सवलत कापली जाणार. पुण्या-मुंबईच्या घोड्यांच्या शर्यती बघणाऱ्याला हे नवे नाही. जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर पुढच्या वेळी वजन चढते. मोजपट्टी माणसाच्या भूतकाळातून बनवली की भूतकाळ लपवणे फायद्याचे ठरते. आर्ड्‌सची पट्टी इंजिनाच्या आकारातून बनत होती. तिथे आज हळू चालवून उद्या काही मिळत नव्हते. दोन्हींना हँडिकॅप म्हणतात म्हणून दोन्हींचे पाप एका खात्यावर टाकता येणार नाही.

*वेगात एवढा फरक असलेल्या गाड्या एका रस्त्यावर म्हणजे अपघाताला आमंत्रण.* १९३६ मध्ये ओल्या रस्त्यावर न्यूटाउनार्ड्‌सजवळ एक रायली घसरून गर्दीत घुसली आणि आठ प्रेक्षक गेले. आर्ड्‌स तिथेच संपले. पुढची दोन वर्षे ट्रॉफी डॉनिंग्टन पार्कच्या बंदिस्त ट्रॅकवर झाली. पण लोकांचा जीव गेला तो गर्दी रस्त्याच्या कडेला आडोशाविना उभी होती आणि डांबर ओले होते म्हणून. एका रेषेवरून सुटलेली शर्यतही त्या रस्त्यावर तितकीच घातक ठरली असती.

*खरी शर्यत म्हणजे निर्बंध नसलेली शर्यत.* अशी शर्यत मला दाखवावी. १९३४ पासूनच्या ग्रां प्रीमध्ये गाडीचे वजन ७५० किलोच्या आत हवे होते, आणि हेतू वेग आटोक्यात ठेवण्याचा होता. जर्मन कारखान्यांनी सरकारी पैशाच्या जोरावर हलके धातू वापरून तेवढ्याच वजनात १९३७ पर्यंत पाचशेहून जास्त अश्वशक्ती बसवली. तिथेही मोजपट्टी होती, तिथेही गाड्या तिच्याभोवती घडल्या, आणि ज्याच्याकडे तसे पैसे नव्हते तो सुटण्याआधीच मागे होता. फरक एवढाच की त्या मागे असण्याचा हिशेब फळ्यावर कुणी लिहीत नव्हते.

एडी हॉल

आणि आता तो माणूस, ज्याच्यापुढे माझा युक्तिवाद थोडा चाचरतो. एडी हॉल १९३४, ३५ आणि ३६ अशी तिन्ही वर्षे बेंटले घेऊन आला. तिन्ही वर्षे रस्त्यावर सगळ्यांत जास्त सरासरी त्याची होती: ७८.४०, ८०.३६, ८०.८१. तिन्ही वर्षे तो दुसरा आला. १९३४ मध्ये त्याला १७ सेकंदांनी हरवणाऱ्या डॉडसनची सरासरी होती ७४.६५.

यात अन्याय आहे, आणि तो नेमका कुठे आहे ते बघावे. ही बेंटले रोल्स-रॉइसच्या मालकीखाली बनलेली, सुखाने लांब प्रवास करायची गाडी. तिचा नुसता सांगाडा १,१०० पौंडांचा. मोजपट्टीने तिच्या इंजिनाचे सीसी तेवढे पाहिले. तिचे वजन पाहिले नाही, ती कशासाठी बनली ते पाहिले नाही. शेजारच्या सात एमजी कशासाठी बनल्या तेही नाही. हॉल हरला तो छोट्यांना सवलत मिळाली म्हणून नव्हे, एका परिमाणाची पट्टी तीन परिमाणांच्या वस्तूंना लावली म्हणून. वजन आणि बनलेल्या गाड्यांची संख्या हिशेबात धरली असती, तर मला वाटते, तीनपैकी एक तरी वर्ष त्याचे असते. हँडिकॅप नसता तर तिन्ही त्याची असती हे उघड आहे. पण मग त्या ७४६ आणि १२७१ सीसीच्या गाड्या त्या रस्त्यावर आल्याच नसत्या, आणि हॉलला हरवायला किंवा जिंकायला समोर कुणी उरले नसते.

हॉलने पट्टीशी भांडण केले नाही, गाडी मात्र सोडली नाही. १९५० मध्ये, तिला सोळा वर्षे झाल्यावर, तीच बेंटले घेऊन तो ल मान्सला गेला. नावापुरता जोडीदार होता. २४ तास सगळे चाक त्याच्याच हाती होते. तिथे तेव्हाही दोन याद्या लागत, एक सर्वांत लांब कोण गेले याची आणि एक इंजिनाच्या मानाने कोण लांब गेले याची. पहिल्या यादीत तो आठवा आला.